मानेतून चढणारी रोजची डोकेदुखी: व्यायाम कुठे उपयोगी पडतो आणि ‘ताठ बसा’ कुठे कमी पडतं

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मी नीट समजून घेतलाय की नाही ते तुम्हालाही कळेल. वय ३६, दिवसभर संगणकावर हिशेबाचं काम. गेली ३ वर्षं आठवड्यातले चार-पाच दिवस डोकं दुखतं. दुखणं मानेच्या वरच्या टोकाशी सुरू होतं, उजवीकडून वर चढतं आणि डोळ्यामागे येऊन बसतं. एमआरआय स्वच्छ आहे, एक्स-रेच्या अहवालात ‘मानेचा नैसर्गिक बाक कमी झाला आहे’ असं लिहून आलंय. पाठ ताठ ठेवणारा पट्टा दोन महिने बांधलात. व्हिडिओ बघून व्यायाम तीन आठवडे केलेत, दुखणं वाढलं म्हणून सोडलेत. दुखलं की गोळी घेता. आणि आता विचारताय, की व्यायामाने आणि बसण्याच्या पद्धतीने डोकेदुखी खरंच कमी होते, की दुसरं काही सापडत नाही म्हणून डॉक्टर हे सांगून मोकळे होतात?

मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि गेली २० हून अधिक वर्षं मुख्यतः मान आणि डोकेदुखीचेच रुग्ण बघते. माझं उत्तर असं: कमी होते, आणि तुम्ही सांगितलेल्या प्रकारच्या दुखण्यात तर चांगलीच कमी होऊ शकते. पण ती व्यायाम ‘केल्याने’ कमी होत नाही. योग्य व्यायाम योग्य मात्रेत, पुरेसे आठवडे केल्याने कमी होते. तुमच्या तीन आठवड्यांत मात्रा चुकली असावी असं मला वाटतं, व्यायामाची कल्पना चुकलेली नाही.

त्याआधी एक मुळातला प्रश्न सोडवायला हवा. तुमची डोकेदुखी मानेतून येतेय कशावरून?

मानेचं दुखणं डोळ्यामागे कसं जाणवतं, याचं शरीररचनेत सरळ कारण आहे. मानेच्या वरच्या तीन मज्जातंतूंच्या जोड्या आणि चेहरा-कपाळाकडून येणारा मोठा मज्जातंतू मेंदूच्या तळाशी एकाच केंद्रात येऊन मिळतात. तिथून पुढे निरोप एकाच वाटेने जातो, त्यामुळे मानेच्या वरच्या सांध्यातली कुरबूर मेंदूला कपाळातली किंवा डोळ्यामागची वाटू शकते. हे बरेच जण सांगतात. याची दुसरी बाजू मात्र क्वचित सांगितली जाते: वाट एकच असल्यामुळे उलटंही घडतं. अर्धशिशीच्या झटक्यात मान दुखणं, अवघडणं अगदी नेहमीचं आहे. तेव्हा ‘मान दुखते, म्हणजे डोकेदुखीचं मूळ मानेत’ असं समजून मान चोळत बसलं, तर अर्धशिशीच्या रुग्णाची वर्षं वाया जातात. अशी माणसं माझ्याकडे नेहमी येतात.

मी काय बघते ते सांगते. दुखणं कायम एकाच बाजूला राहतं का, मान वळवल्यावर किंवा ठराविक स्थितीत बराच वेळ राहिल्यावर सुरू होतं का, आणि मानेच्या वरच्या सांध्यांवर दाब दिला की तेच ओळखीचं दुखणं उठतं का. मग एक चाचणी करते: रुग्णाला उताणं झोपवून हनुवटी पूर्ण छातीकडे आणायची आणि त्या स्थितीत डोकं डावी-उजवीकडे वळवायचं. असं केलं की खालचे मणके जवळपास अडकलेले राहतात आणि वरच्या दोन मणक्यांमधलंच वळणं शिल्लक उरतं. मान एकूण जितकी वळते त्यातला जवळपास निम्मा भाग याच दोन मणक्यांमध्ये असतो. निरोगी माणसात या चाचणीत प्रत्येक बाजूला सुमारे ४४ अंश वळतं. दुखऱ्या बाजूला ते ३२ अंशांच्या आसपास किंवा खाली अडत असेल, तर माझा संशय मानेवर पक्का होऊ लागतो.

याउलट ठणकणारं दुखणं, मळमळ, उजेड-आवाज नकोसा होणं, जिना चढल्यावर वाढणं, औषध न घेतल्यास ४ ते ७२ तास टिकणं, ही लक्षणं अर्धशिशीकडे बोट दाखवतात. दोन्ही बाजूंनी पट्टा आवळल्यासारखा दाब असेल तर ताणाची डोकेदुखी. आणि एकाच माणसात यांतले दोन प्रकार एकत्र नांदणं हेही मी सतत बघते. तुम्ही मळमळ किंवा उजेडाचा त्रास यांबद्दल काहीच लिहिलेलं नाही. नसेलच तर वर्णन मानेकडे झुकतं. असेल तर न्यूरॉलॉजिस्टला ते स्पष्ट सांगा, कारण तेव्हा पुढचा आराखडा थोडा बदलतो.

काही खुणा अशा आहेत की त्या दिसल्या तर व्यायामाचा विचारही बाजूला ठेवून आधी डॉक्टरांकडे जायचं: क्षणार्धात शिगेला पोचलेली, आयुष्यात कधीच नव्हती अशी तीव्र डोकेदुखी, ताप आणि मान आखडणं, हातापायात अशक्तपणा, बोलताना अडखळणं, दिसण्यात फरक, पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेलं दुखणं, खोकताना किंवा आडवं पडल्यावर वाढणारं, किंवा फक्त उभं राहिल्यावर येणारं, अपघातानंतरचं, गरोदरपणात नव्याने आलेलं. तुमचं ३ वर्षांचं एकसारखं दुखणं आणि स्वच्छ एमआरआय यांमुळे मला त्याची फारशी काळजी वाटत नाही, पण चित्र बदललं तर जुनं निदान धरून बसू नका.

आता तुमच्या पत्रातली जी गोष्ट वाचून मी थांबले, तिच्याकडे येते. आठवड्यातून चार-पाच दिवस दुखतं आणि दुखलं की गोळी घेता. हिशेब तुमचाच विषय आहे: महिन्याला १७ ते २१ दिवस गोळी झाली. डोकेदुखीच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात अशी एक वेगळी डोकेदुखीच नोंदलेली आहे, जी वेदनाशामक गोळ्यांच्या अतिवापरानेच टिकून राहते. साध्या वेदनाशामकासाठी मर्यादा महिन्यातले १५ दिवस. दोन-तीन घटक एकत्र असलेल्या गोळ्या आणि अर्धशिशीच्या खास गोळ्यांसाठी १० दिवस. आणि हे ३ महिन्यांहून अधिक काळ चाललेलं असणं. तुम्ही या रेषेच्या पलीकडे आहात. मूळ दुखणं मानेचं असलं, तरी त्याच्यावर गोळीचा दुसरा थर चढलेला असण्याची दाट शक्यता आहे. असं असताना केलेला उत्तम व्यायामही फसल्यासारखा वाटतो.

म्हणून गोळ्या कमी करण्याची योजना डॉक्टरांबरोबर बसून ठरवा, मनाने एकदम बंद करू नका. सुरुवातीचे दिवस, बहुधा २ ते १० दिवस, दुखणं वाढतं. हे आधी माहीत असलं की माणूस तग धरतो. माहीत नसलं की तिसऱ्या दिवशी पुन्हा गोळीकडे वळतो. त्या आठवड्यात मी रुग्णाला नवा व्यायाम देत नाही, फक्त चालायला सांगते.

आता बसण्याच्या पद्धतीबद्दल. इथे मला माझी जुनी चूक सांगायला हवी, कारण तुम्हाला सल्ला देणारे अजून तीच करताना दिसतात. पहिली सहा-सात वर्षं मी प्रत्येकाला ‘ताठ बसा, खांदे मागे घ्या’ असं सांगत होते. माणसं मनापासून ऐकायची. दोन आठवड्यांनी परत यायची तेव्हा पाठ सरळ, खांदे मागे ओढलेले, मानेचे स्नायू दोरीसारखे ताणलेले, आणि डोकेदुखी तशीच किंवा जास्त. मी त्यांना एक वाईट स्थिती सोडवून दुसऱ्या स्थितीत जखडत होते.

पुढे अभ्यास वाचत गेले तसं हे उलगडलं. ऑस्ट्रेलियात १७ वर्षांच्या हजाराहून जास्त मुला-मुलींच्या मानेची बसतानाची ठेवण मोजून तिचा मानदुखी आणि डोकेदुखीशी संबंध तपासला गेला. पुढे झुकलेल्या मानेच्या मुलांना जास्त दुखतं असं त्यात आढळलं नाही. मान पुढे ६० अंश झुकवली की तिच्यावर २७ किलोंचा भार येतो, हा आकडा तुम्हीही वाचला असेल. तो संगणकावरच्या प्रतिकृतीतून काढलेला आहे, माणसांच्या मानेत मोजलेला नाही आणि त्यात कोणाची डोकेदुखीही तपासलेली नव्हती. तुमच्या एक्स-रेमधला ‘कमी झालेला बाक’ तर काहीही दुखत नसलेल्या कितीतरी लोकांत दिसतो. एक्स-रे काढताना हनुवटी जरा खाली असली तरीसुद्धा तो दिसू शकतो. त्या ओळीची भीती मनातून काढून टाका. त्या ओळीमुळे मान वळवायला घाबरणारी माणसं मी बघितली आहेत, आणि त्या भीतीने त्यांची मान खरोखर आखडत गेली.

मग बसण्याच्या पद्धतीला काहीच अर्थ नाही का? आहे, पण आकाराला कमी आणि वेळेला जास्त. डोकं साधारण साडेचार-पाच किलोंचं असतं. मान ते कुठल्याही स्थितीत पेलू शकते, तक्रार करते ती एकाच स्थितीत तास-तास पेलावं लागलं की. म्हणून मी आता ‘कसं बसता’पेक्षा ‘किती वेळ न हलता बसता’ हे आधी विचारते. साधारण दर अर्ध्या तासाने उठा, किंवा निदान बसण्याची तऱ्हा बदला: मागे रेला, एक फोन उभं राहून घ्या, खांदे दोन-चारदा फिरवा. तीस सेकंद पुरतात. पट्टा काढून ठेवा. जे काम तुमच्या स्नायूंनी शिकायला हवं ते तो त्यांच्या वतीने करत राहतो.

तुमचं दुखणं कायम उजवीकडे आहे, म्हणून मला आणखी काही विचारायचंय. कागद, बिलं, वह्या टेबलावर कोणत्या बाजूला असतात? दोन स्क्रीन वापरता का, आणि मुख्य स्क्रीन समोर आहे की तिरका? फोन खांदा आणि कान यांमध्ये धरून टाइप करता का, आणि कोणत्या कानाशी? दिवसातून पाच-सहा तास मान एकाच बाजूला थोडी वळलेली राहणं हे नुसत्या पुढे झुकण्यापेक्षा जास्त त्रासदायक ठरताना मी पाहिलंय. कागद स्क्रीन आणि कीबोर्ड यांच्या मध्ये एखाद्या उतरत्या स्टँडवर ठेवा. लॅपटॉप असेल तर तो पुस्तकांवर उंच करून कीबोर्ड वेगळा लावा. आणि चष्मा? तुमच्या वयात बहुधा अजून दूरचं-जवळचं एकत्र असलेला चष्मा नसेल, पण असा चष्मा असलेली माणसं खालच्या भागातून स्क्रीन बघण्यासाठी दिवसभर हनुवटी वर उचलून बसतात. माझ्या एका रुग्ण शिक्षिकेची ४ वर्षांची डोकेदुखी स्क्रीन बराच खाली आणल्यावर आणि संगणकासाठी वेगळा चष्मा केल्यावर निम्म्यावर आली, तेव्हा व्यायाम नुकते सुरू झाले होते. म्हणूनच ‘स्क्रीन डोळ्यांच्या उंचीला’ हा नियम सगळ्यांना लागू होत नाही.

आता व्यायाम. मानेतून येणाऱ्या डोकेदुखीत एक गोष्ट बऱ्याचदा सापडते: गळ्याच्या आत, मणक्यांना लगटून असलेले छोटे स्नायू थकलेले असतात आणि त्यांचं काम कानामागून गळ्याच्या हाडापर्यंत येणारे दोन जाड स्नायू ओढत असतात. जाड स्नायू डोकं हलवण्यासाठी आहेत, तासन्‌तास धरून ठेवण्यासाठी नाहीत. म्हणून पहिला व्यायाम दिसायला अगदीच मामुली असतो.

उताणे झोपा, गुडघे वाकवून. डोक्याखाली पातळ घडी घातलेला टॉवेल, इतकाच की कपाळ आणि हनुवटी एका पातळीत येतील. आता ‘हो’ म्हणताना मान जेवढी हलते तेवढीच, अगदी हळू, हनुवटी गळ्याकडे आणा. डोकं उचलायचं नाही, मागे रेटायचंही नाही, कवटीचा मागचा भाग टॉवेलवर फक्त वर सरकल्यासारखा वाटला पाहिजे. एका हाताची बोटं गळ्याच्या बाजूला हलकेच ठेवा. ते जाड स्नायू बोटांखाली कडक झाले तर जोर जास्त झाला. दात एकमेकांवर टेकू देऊ नका, श्वास चालू ठेवा. ५ सेकंद धरा, सोडा. असं ५ वेळा, दिवसातून दोनदा. हळूहळू १० सेकंद आणि १० वेळांपर्यंत जायचं, याला तीन-चार आठवडे लागतात. दवाखान्यात आम्ही मानेखाली हवेची छोटी पिशवी ठेवून तिचा दाब २० वरून ३० मिलिमीटर पाऱ्यापर्यंत २-२ च्या पायऱ्यांनी वाढवायला सांगतो. नव्या रुग्णाला २२ किंवा २४ च्या पुढे नीट जाता येत नाही, इतके ते स्नायू मागे पडलेले असतात.

व्हिडिओतल्या व्यायामांनी तुमचं दुखणं का वाढलं असेल, याचा अंदाज आता तुम्हाला येईल. हाताने हनुवटी मागे ढकलणं, डोकं हाताने ओढून मान ताणणं, मान गोल गोल फिरवणं, हे सगळं चिडलेल्या वरच्या सांध्यांना पहिल्याच दिवशी शेवटच्या टोकापर्यंत नेतं. मीही पूर्वी पहिल्या भेटीत सात-आठ व्यायामांचा कागद हातात देत असे. आता दोनच देते. नियम असा ठेवा: व्यायामानंतर दुखणं दहापैकी एखाद-दोन अंकांनी वाढलं आणि दुसऱ्या सकाळपर्यंत मूळ जागी आलं तर चालेल. त्याहून जास्त वाढलं किंवा टिकून राहिलं, तर व्यायाम सोडू नका, संख्या निम्मी करा.

दुसरा व्यायाम खांद्यांच्या पात्यांचा. पोटावर झोपून, कपाळ टॉवेलवर, हात शरीरालगत. दोन्ही पाती हलकेच मागे आणि खाली सरकवून ५ ते १० सेकंद धरायची. खांदे कानांकडे चढू द्यायचे नाहीत.

चार ते सहा आठवड्यांनी, पाया बसला की, खरी ताकद वाढवायची. हा टप्पा बहुतेक जण गाठतच नाहीत, कारण बरं वाटायला लागलं की व्यायाम सुटतो. फिनलंडमध्ये जुनी मानदुखी असलेल्या १८० कार्यालयीन कर्मचारी महिलांवर एक अभ्यास झाला. १२ महिन्यांनी रबरी पट्ट्याच्या विरोधात मानेची ताकद वाढवणाऱ्या गटात डोकेदुखी ६९ टक्के कमी झाली, हलक्या पण जास्त वेळा केलेल्या व्यायामांच्या गटात ५८ टक्के, आणि ज्यांना मुख्यतः स्नायू ताणण्याचे व्यायाम दिले होते त्यांच्यात ३७ टक्के. म्हणजे ताणण्यानेही थोडं बरं वाटतं, पण ताकदीने जास्त. हा टप्पा मात्र कोणाच्या तरी देखरेखीखाली सुरू करा. पट्टा कपाळाला लावून किती ओढायचं हे लिहून सांगता येत नाही.

हाताने केलेल्या उपचारांबद्दल, म्हणजे सांधे सैल करण्याबद्दल, तुम्ही विचारलेलं नाही, पण तो पर्याय समोर येईलच. २००२ मध्ये ऑस्ट्रेलियात मानेतून येणाऱ्या डोकेदुखीच्या २०० रुग्णांवर झालेल्या अभ्यासात ६ आठवड्यांचा हाताचा उपचार, वर सांगितल्यासारखा व्यायाम, किंवा दोन्ही, यांचा फायदा १२ महिन्यांनंतरही टिकून होता. चाचणीत मान अडत असेल तर मी सुरुवातीला हलक्या हाताने सांधे मोकळे करते, म्हणजे व्यायाम सोपा जातो. मान झटक्याने ‘कडकन’ वाजवून घेणं मात्र मी डोकेदुखीच्या रुग्णाला सुचवत नाही.

चालण्याला कमी लेखू नका. अर्धशिशीचा भाग असेल तर त्याचं महत्त्व आणखी वाढतं: स्वीडनमधल्या एका अभ्यासात आठवड्यातून तीनदा ४० मिनिटांचा दमवणारा व्यायाम, शिथिलीकरणाचा सराव आणि टोपिरामेट हे प्रतिबंधक औषध अशा तीन गटांची तुलना केली होती. ३ महिन्यांत झटके कमी होण्यात तिन्ही गटांत लक्षणीय फरक दिसला नाही. यावरून चालू औषध स्वतःहून बंद करायचं नाही, पण व्यायाम हा वेळ घालवण्याचा सल्ला नाही एवढं यातून नक्की दिसतं. तुम्हाला १० मिनिटांनी सुरुवात करावी लागली तरी चालेल.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत आणि त्या मला इथून दिसत नाहीत. तुम्ही झोपेत दात आवळता का, पोटावर झोपून मान एकीकडे वळवून ठेवता का, झोप पुरेशी होते का, डोकेदुखी पाळीच्या दिवसांशी जोडलेली आहे का, ३ वर्षांपूर्वी वाहनाचा धक्का बसला होता का, कामाचा ताण किती आहे. जबड्याचा प्रश्न असेल तर तो सोडवल्याशिवाय मानेचा व्यायाम अर्धाच लागू पडतो. ताणाचंही तसंच.

आज एकच गोष्ट करणार असाल तर एक वही करा. रोज चार नोंदी: दुखलं की नाही, किती तास, दहापैकी किती, गोळी घेतली का. आठवड्यांची तुलना करू नका, महिन्यांची करा, कारण डोकेदुखी आपोआपही वर-खाली होत असते. माझ्या अनुभवात आधी तीव्रता आणि तास कमी होतात, मग गोळ्या, आणि दुखण्याचे दिवस सगळ्यांत शेवटी. चौथ्या आठवड्यात दिवस तेवढेच दिसतात म्हणून माणसं नाराज होतात, आणि वही उघडून बघितली तर तास निम्मे झालेले असतात.

१२ आठवडे द्या. तेवढं करूनही चारही नोंदी जागच्या जागी राहिल्या, तर ती वही घेऊन न्यूरॉलॉजिस्टकडे परत जा आणि प्रतिबंधक औषधाबद्दल विचारा. व्यायाम त्याच्या जोडीने चालू राहू शकतो. आणि त्याआधी, पहिला महिना संपल्यावर, मला इतकंच कळवा: कागद टेबलावर कुठे ठेवता, महिन्यात गोळीचे दिवस किती झाले, आणि मान उजवीकडे वळवताना डावीइतकी जाते का.